उसाशांच्या गल्लीत

कोलोनिया देल साक्रामेंतो! हे नाव परवापर्यंत मला धड उच्चारताही येत नव्हतं. ब्यूनस आयर्सहून माँटेव्हिडिओला निघाले होते. फेरीतून इथे उतरायचं आणि चार तासांनी पुढची बस पकडायची, एवढाच बेत. मधली रिओ दे ला प्लाता चहाच्या रंगाची, आणि नदी कसली, पलीकडचा काठच दिसत नाही!

पाठीवरची सॅक सावरत १७४५ सालची वेस ओलांडली आणि थबकलेच. अहो, हे तर पणजीचं फोंताइन्यश! तशीच बसकी कौलारू घरं, उडालेल्या रंगाच्या भिंती, गल्लीचं नाव चकचकीत फरशीवर. भिंतीवर बोगनवेल, पण ती मूळची याच खंडातली, पाहुणी आपल्या अंगणात.

मग उसाशांची गल्ली, थेट नदीकडे उतरणारी. नावामागच्या गोष्टी ऐकाव्या तितक्या, मला मात्र वेड लावलं दगडांनी. इतके ओबडधोबड की चपलेतून टोचतात, आणि दोन्हीकडून उतार मधोमध, पाणी वाहून जायला. मी उकिडवी बसून तेच बघत होते. पायरीवर एक आजोबा काखेत थर्मास दाबून, धातूच्या नळीने माते नावाचा तिकडचा काढा पीत बसले होते. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. ते हसले. पाणी मधून गेलं तर रस्ता पोर्तुगीज, कडेने गेलं तर स्पॅनिश! बस्स, पुढचे दोन तास मी गटारंच बघत हिंडले.

गावच तसं. ब्यूनस आयर्सच्या स्पॅनिशांच्या अगदी नाकासमोर पोर्तुगीजांनी १६८० मध्ये वसवलेलं. मग शतकभर नुसती ओढाताण. १७३५ ते १७३७ स्पॅनिशांचा वेढा पडला, तरी पोर्तुगीज इथून हलले नाहीत. आणि दोनच वर्षांनी आपल्याकडे चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई घेतली! त्या गल्लीत हे आठवलं आणि अंगावर काटाच आला.

१८५७ चं पांढरं दीपगृह, पडक्या मठाच्या भिंतींना खेटून उभं. तिथून नदीकाठी गेले, तर तांबूस पाण्यात सूर्य बुडत होता आणि अख्खं गाव थर्मास घेऊन बघायला आलेलं.

बस केव्हाच गेली होती. तिकिटाचे पैसे बुडाले, बुडू देत.

तिकडे गेलात तर कोलोनियाला एक रात्र ठेवा. आणि चपला नकोत, जाड तळव्याचे बूट घाला.