टाक्याचं वळण

खंड्या भरायला घेतला की पहिला प्रश्न निळ्याचा येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली रिंगवर कापड ताणायच्या आधीच विचारतात, "बाई, निळ्याचो नंबर खयचो?" अँकरच्या लडीवरचा नंबर त्यांना हवा असतो. पांढरा १, काळा ४०३ हे त्यांना पाठ असतं, तसाच खंड्याचाही एखादा नंबर असेल असं वाटतं. मी आधी पेन्सिल हातात देते आणि कापडावर उतरवलेल्या खंड्याच्या अंगावर पिसांची वळणं काढायला सांगते. चोचीच्या मुळापासून निघून कपाळावरून मागे, डोळ्याला वळसा घालून गालावर खाली, मानेशी पसरत, छातीच्या गोलाईवरून पोटाकडे पुन्हा जवळ येत थेट शेपटीपर्यंत. या रेषा नीट बसल्या तर निम्मा पक्षी झाला. रंग नंतर येतो. एखादी छटा इकडची तिकडे झाली तरी निभावतं, पण वळण चुकलं तर दुकानातल्या सगळ्या निळ्या लड्या आणल्या तरी अंगावर पीस दिसत नाही.

यामागे दोऱ्याचा स्वभाव आहे. भरतकामाचं रेशीम म्हणून आपण आणतो ते असतं सूतच, फक्त झळाळी दिलेलं. इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी १८४४च्या सुमारास सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लोव यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला रेशमासारखी चकाकी आली. या चकाकीला दिशा असते. एकाच लडीतला धागा उभा घातला की एक छटा दिसते आणि शेजारी आडवा घातला की दुसरी. खिडकीशी बसून रिंग हातात हळूहळू फिरवली की उजळ भाग काळोखतो आणि काळोखलेला उजळतो. म्हणून दोऱ्याचं वळण हाच माझा पहिला रंग.

खंड्याच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे, कारण त्याच्या पाठीत निळा रंगच नसतो. डोक्याचा आणि पोटाचा चॉकलेटी तपकिरी हा मेलॅनिनचा, म्हणजे रंगद्रव्याचा. निळा मात्र पिसाच्या तंतूंतल्या केराटिनच्या अतिसूक्ष्म जाळीतून परतणाऱ्या उजेडाचा. ते पीस कुटलं तर निळी भुकटी मिळायची नाही. कोळंबच्या खाडीकाठी विजेच्या तारेवर बसलेला खंड्या सकाळच्या तिरप्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो, आणि ढग आला की तोच पक्षी निळसर राखाडी होऊन जातो. यातला कुठला निळा खरा म्हणायचा? मोबाइलमधल्या फोटोत तर तो सगळा एकसारखा भडक येतो. फोटो मी पायांची पकड आणि चोचीचं माप बघण्यापुरता ठेवते. निळा बघायला मात्र मेरेवर जाऊन उभं राहायला लागतं.

कुठल्याच रंगात न सापडणारी ही निळाई पूर्वीच्या कारागिरांनी सरळ जिवांच्या अंगावरूनच घेतली. चीनमध्ये खंड्याची पिसं चिकटवून केसांत माळायचे दागिने करत आणि त्यापायी असंख्य खंडे मारले गेले. आपल्या सावंतवाडीतही याच्या जवळचं काम होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये सावंतवाडी संस्थानचे उद्योग सांगताना लाकडी खेळणी आणि गंजिफा तर आहेतच, पण त्यांच्या जोडीला चामड्यावरचं आणि कापडावरचं सोन्यारुप्याचं भरतकाम आहे, आणि सोनेरी जर व भुंगेऱ्यांचे पंख लावून सजवलेले वाळ्याचे पंखे, टोपल्या, पेट्या आहेत. भुंगेऱ्याच्या पंखाची हिरवी-निळी चमकसुद्धा खंड्याच्या पाठीसारखीच, रचनेतून येणारी. तिला विटणं माहीत नाही. आज सावंतवाडी म्हटलं की लोकांना खेळणी आठवतात, गंजिफाही आठवतात. ते भरतकाम मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही, याची मला फार हळहळ वाटते. याच जिल्ह्यात, याच दमट हवेत, माझ्याआधी कुणीतरी सुईच्या टोकावर तीच चमक पकडायला बसलं होतं.

माझ्या आईच्या पिढीने पक्षी पुष्कळ भरले. उशीच्या अभ्र्यावर पोपटांची जोडी, टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात हंस, दारावरच्या तोरणात मोर. ते देखणे होते, पण ती नक्षी होती. एका अंगाला एक रंग, भरीव टाका, कडेने काळी दांडी. पैठणीच्या काठावरचे पोपट आणि मोरही नक्षीच, आणि तिथे मागाचं बंधन असतं: बाण्याचा रंगीत धागा आडवाच जाणार, मोराच्या मानेला वळण असलं तरी धाग्याला नाही. सुईला ते बंधन नाही. ती जाईल तिकडे धागा जातो. हे स्वातंत्र्य हातात असताना पक्ष्याचं अंग एका दिशेच्या भरीव टाक्याने भरून टाकायचं, हे मला पटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. लडीत सहा पदर असतात, त्यातला एकच ओढून घ्यायचा आणि १० नंबरच्या सुईत ओवायचा. भरायला सुरुवात शेपटीकडून करून डोक्याकडे सरकायचं. घरावर कौलं चढवताना वळचणीपासून आढ्याकडे जातात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर बसतं. पिसांचं तसंच आहे. पहिली ओळ एक लांब, एक आखूड अशी, कडेला एकमेकांना खेटून. दुसऱ्या ओळीची सुई खालून पहिल्या टाक्याच्या अंगातून, दोरा मधोमध फोडत वर येते आणि पुढच्या मोकळ्या कापडात उतरते. इथे टाके एका रेषेत संपले की पट्टा दिसतो. म्हणून कुठे खोल शिरायचं, कुठे उथळ, हे दर टाक्याला ठरवायचं. ते मोजून होत नाही, हाताला बसावं लागतं.

खंड्याचा मिटलेला पंख म्हणजे या टाक्याची खरी परीक्षा. खांद्याशी तपकिरी, त्याखाली काळसर पट्टा, आणि मग अचानक निळा. तपकिरीतून काळ्यात जाताना मधली गडद तपकिरी छटा घालता येते, पण काळ्यातून निळ्यात जायला मधली छटा नाहीच. पक्ष्यातही नाही. तिथे रंग मिसळायला गेलं की चिखल होतो. काळ्याची टोकं निळ्यात खोलवर, असमान लांबीने उतरवायची, बस. त्यापुढे उडायची लांब पिसं. त्यांच्यात प्रत्येक पिसाला मधला दांडा आधी भरायचा आणि दोन्ही बाजूंचे टाके त्या दांड्याकडून तिरके बाहेर काढायचे. दांड्याच्या अलीकडे आणि पलीकडे धागा एकाच लडीतला असतो, तरी एक बाजू उजळ दिसते आणि दुसरी दबलेली. पहिल्यांदा हे दिसतं तेव्हा मुली हातातलं काम थांबवून रिंग फिरवत बसतात. मी त्यांना बसू देते.

छातीचा पांढरा निळ्यापेक्षा कठीण. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा हरवतो, म्हणून खंड्यासाठी मी फिकट राखाडी किंवा मातकट सुती कापड घेते, धुऊन आटवलेलं. शुद्ध पांढरा फक्त गळ्याखाली, उजेड पडतो तिथे. बाकी सायीचा रंग, आणि पोटाच्या बाजूला निळसर राखाडी. चोच लांबीच्या दिशेनेच भरायची, आडवी कधीच नाही, कारण चोच गुळगुळीत हवी. डोळा गडद तपकिरी, जवळजवळ काळा. त्याभोवतीचे टाके तांदळाच्या कणीएवढे आखूड. डोळ्यातला पांढरा ठिपका म्हणजे एकच टाका, पण अंगावर उजेड ज्या बाजूने घेतला त्याच बाजूला. तो बाजू चुकला तर पक्षी कुठेच बघत नाही.

छटा निवडायच्या त्या दिवसाउजेडी, पडवीत. ट्यूबलाइटखाली दोन शेजारचे निळे सारखेच वाटतात. आपल्याकडे पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवायची नाही. खारी हवा आणि दमटपणा, रात्रभरात गंज धरतो आणि कापडावर पडलेला तांबडा डाग निघत नाही. फ्रेम करताना काच दोऱ्याला टेकू देऊ नका. मध्ये पट्टी घालून जागा सोडायला सांगा, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये आत बुरशी येते. आणि टेकलेल्या काचेखाली टाका चेपतो. टाका चेपला की त्याचा उजेडही गेला.

एवढं काम करून विकायला गेलं तर गिऱ्हाईक मशीनच्या भरतकामाचा दर सांगतं. तो दर मी घेत नाही. मशीनही छटा घालतं, आता चांगल्या घालतं. पण प्रत्येक खंड्याच्या मानेची वळणं वेगळी असतात, आणि ती तारेखाली उभं राहून बघितलेली असतात, त्याचे पैसे लावायलाच हवेत. शिकणाऱ्या मुलींनाही मी हेच बजावते.

सध्या रिंगवर समुद्री गरुड आहे. डोकं, छाती, पोट पांढरंशुभ्र, पाठ आणि पंख राखाडी, उडायची पिसं काळपट. आमच्या किनाऱ्यावर तो दिसतो, उंच झाडावर फांद्यांचं मोठं घरटं करतो. या वेळी मुलींना नंबर विचारायला जागाच नाही, सगळ्या लड्या पांढऱ्या नाहीतर राखाडी. पसरलेल्या पंखाखालच्या पिसांची वळणं पेन्सिलीने काढतेय, अजून एकही टाका घातलेला नाही. खांद्यापाशी ती दोनदा दिशा बदलतात, आणि तिथलं मला नीट कळल्याशिवाय सुई ओवणार नाही.