टाकी भरली, दिवा तसाच

गेल्या वर्षी मार्चपासून आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर कूलंट कमी असल्याचा दिवा लागत होता. गाडी सेकंडहँड. आधीच्या छोट्या गाडीला हा दिवाच नव्हता, त्यामुळे मला ती नसती कटकट वाटायची. बॉनेट उघडायचं, टाकीत शाळेच्या बोअरचं पाणी वरच्या रेघेपर्यंत ओतायचं, की दिवा बंद. दहा-बारा दिवसांनी पुन्हा चालू. शेवटी डिकीत पाण्याची बाटलीच ठेवली. एका गॅरेजवाल्याने तर "वायर काढून टाकू, दिवा येणारच नाही," असा उपाय सुचवला. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला.

मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना आंबा घाटात वळणावळणाला दिवा लागायचा आणि विझायचा. पातळी काठावर आली की चढावर टाकीतलं पाणी एका बाजूला कलतं, म्हणून तसं होत होतं, हे नंतर कळलं. मग तापमानाचा काटाही वर सरकला. गाडी कडेला घेतली. मुलगी उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी रुमालाने धरून टाकीचं झाकण जेमतेम पाव फेरा फिरवलं, तोच फस्सकन वाफ आली. मनगटाला चटका बसला. घाबरून झाकण उलटं आवळलं म्हणून निभावलं. मुलगी पाचवीत आहे. तिचा चेहरा बरोबर त्या टाकीच्या उंचीला येतो.

मी नववीला विज्ञान शिकवतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, उदाहरण प्रेशर कुकर, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. गाडीचं झाकणही तेच करतं. आत एका वातावरणाइतका जादा दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उसळतं. आमच्या घरात वाफ जिरल्याशिवाय कुकर कुणी उघडत नाही. मी मात्र भर घाटात तोच कुकर उघडायला निघालो होतो.

इंजिन तासभर निवू दिलं, पाणी भरलं आणि हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजात गेलो. त्याने पहिलाच प्रश्न केला, "सर, पाणी वतताय ते ठीक, पण जातंय कुठं ते बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. खाली थेंब पडत नाही, म्हणजे गळती नाही, असं मी धरून चाललो होतो. त्याने थंड इंजिनावर पातळीपाशी मार्करने खूण केली आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. पुठ्ठा कोरडाच. तेल दुधाळ झालंय का, सायलेन्सरमधून सारखा पांढरा धूर येतो का, हेही पाहिलं, कारण तसं असेल तर पाणी इंजिनच्या आत जात असतं. तसं काही नव्हतं. मग झाकणाच्या जागी हातपंप लावून आत हवेचा दाब दिला. मीटरचा काटा हळूहळू उतरला आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूने एक थेंब डोकावला. तिथे पांढरट खरपुडी साचली होती. गाडी चालताना, दाबाखालीच ते झिरपायचं आणि तापलेल्या इंजिनावर वाळून जायचं.

पंप बदलला. कूलंट भरलं. टाकी काठोकाठ, आणि दिवा तसाच! माझ्या मनात लगेच आलं, पोराने उगाच खर्चात पाडलं.

त्याने टाकी काढून उन्हात धरली. आतला फ्लोट तळाशी गाळात रुतून बसला होता. त्या फ्लोटमध्ये छोटं चुंबक असतं. तो वर तरंगला की स्विचला पातळी ठीक असल्याचं कळतं. गाळ होता गंजाचा आणि क्षारांचा. "बोअरचं पाणी," एवढंच तो म्हणाला. म्हणजे दुसरा बिघाड मी स्वतः, बाटली-बाटलीने भरला होता. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं मीही म्हणायचो. पण त्यातली द्रव्यं गंज रोखतात आणि ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदूही वाढतो. पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो: ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. उरलेला कॅन मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका.

टाकी दुसरी बसवली. जुनी जूनमध्ये वर्गात नेली, बाकांवरून फिरवली आणि विचारलं, "टाकी भरलेली आहे, तरी दिवा लागतोय. आधी काय कराल?" सेन्सर, वायर, गळती, बरीच उत्तरं आली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आधी गाडी थंड होऊ द्यायची."