हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

संपादकांना लेख हवा आहे तो रेझिनच्या कामात नेहमी येणाऱ्या अडचणींवर. त्या अडचणी हौशी मंडळींना तोंडपाठ आहेत: वरचा थर चिकट राहतो, मधेच मऊ ठिपके सापडतात, बुडबुडे अडकतात. लग्नातली वरमाला इपॉक्सी रेझिनमध्ये जतन करून देण्याचा उद्योग घरगुती झाल्यापासून या तक्रारी थेट दिवाणखान्यात आल्या आहेत आणि दोष हमखास मालाला दिला जातो. मला हे मान्य नाही. बहुतेक बिघाड डब्यात नसतो, मोजण्यात असतो. आणि मोजण्यात हयगय होते ती रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरला आपण विरजण समजतो म्हणून.

विरजण चमचाभर पुरते, जास्त घातले तर दही लवकर लागते. फायबरग्लासच्या कामातले पॉलिएस्टर रेझिन बरेचसे असेच वागते. त्यात एक-दोन टक्के पेरॉक्साइड घालतात. ते फक्त अभिक्रियेची साखळी सुरू करून देते. काही मर्यादेपर्यंत प्रमाण वाढवले की काम लवकर आटपते. हाच ठोकताळा लोक इपॉक्सीला लावतात आणि तिथे तो सपशेल चुकतो. इपॉक्सीचा हार्डनर बहुधा अमाइन असतो आणि तो स्वतःच घट्ट होणाऱ्या रेणूंच्या जाळ्याचा भाग होतो. त्यातल्या प्रत्येक क्रियाशील हायड्रोजनला रेझिनमधला एक इपॉक्साइड गट लागतो. जोडीदार मिळाला नाही की जाळे अपुरे विणले जाते. म्हणून हार्डनर बराच जास्त झाला तरी वस्तू मऊ, कमी पडला तरी मऊ. त्यातून डब्यावरचे प्रमाण घनफळाचे की वजनाचे, हे वाचायची तसदी फार थोडे घेतात. रेझिन सहसा हार्डनरपेक्षा जड असते. घनफळाने 2:1 असलेला माल काट्यावर 100 ग्रॅमला 50 ग्रॅम घेतला, तर हार्डनर साधारण 15 टक्के जादा पडतो.

यावर कारागीर विचारतात, घरगुती अ‍ॅराल्डाइट आम्ही अंदाजाने कालवतो, ते धरतेच ना? धरते. तशा चिकटद्रव्यांत हार्डनर सहसा पॉलिअमाइड जातीचा असतो आणि थोडीफार चूक पोटात घालतो. पारदर्शक ओतकामाचा पातळ अमाइन ती घालत नाही. दुसरा आक्षेप पावसाळ्याचा: कोकणात जुलैमध्ये रेझिन सुकतच नाही, मग हार्डनर वाढवायचा नाही तर काय करायचे? मुळात इपॉक्सी सुकत नाही, अभिक्रियेने घट्ट होते. ‘सुकणे’ हा शब्दच घात करतो. दमट हवेत मोकळे अमाइन ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून पृष्ठभागावर मेणकट पापुद्रा धरते. जादा हार्डनर म्हणजे या पापुद्र्याला जादा खाद्य. तो कोमट पाण्याने धुऊन निघतो, पण आधी पॉलिश पेपर मारला तर उलट आत चोळला जातो.

वरमालेत आणखी एक धोका असतो. फुले पुरती वाळलेली नसतात आणि घाईने जाड थर एकदम ओतला जातो. उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मिश्रण 100 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, पाकळ्या करपतात आणि त्यांच्यातल्या ओलीची वाफ बुडबुड्यांच्या रूपात अडकते. अशा वेळी डब्याला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. पिवळेपणाचा दोष मात्र बऱ्याच अंशी खरोखर मालाचा. अतिनील किरणांपुढे नेहमीचे इपॉक्सी पिवळे पडते, जाहिरात काहीही म्हणो.

तेव्हा हातमोजे घाला, कारण अमाइनची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. भांड्याच्या कडा खरवडून घ्या आणि मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. आणि चुकीच्या मापामुळे मुदत उलटूनही मऊ राहिलेल्या थरावर नवा थर ओतून तो झाकू नका. खालचा थर नंतर घट्ट होत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो.