अर्ध्या रंगाचे दिवस

तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अलिबागच्या कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मला शिकावं लागलं, आणि किनाऱ्यावरचे पक्षी मला खरे दिसायला लागले ते त्यानंतर. दुर्बीण बदलून जेवढा फरक पडला नव्हता तेवढा कालनिर्णयाने पडला.

अलिबागजवळच्या आक्षीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन पाठीमागून, सुरूच्या बनावरून येतं आणि नेमकं पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी ते समोरून येतं, मग चिखल्या काय नि तुतारी काय, सगळेच काळे ठिपके. म्हणजे वेळ सकाळची, हे ठरलेलं. पण सकाळी पाणी कुठे असेल ते तिथी ठरवते. अष्टमीला सहालाच भरती होऊन जाते, नंतर पाणी मागे मागे सरकतं आणि पक्षी त्याच्यामागोमाग दूर जातात. त्यात अष्टमी म्हणजे भांग, पाणी धड चढतही नाही नि धड उतरतही नाही. पौर्णिमेला उजाडताना पूर्ण ओहोटी, किनारा भरायला दुपारचे बारा. द्वादशी-त्रयोदशीला मात्र सूर्य वर येतो तेव्हा पाणी निम्म्याहून जास्त चढलेलं असतं, आणि पुढचे दोन तास ते पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत राहतं. होळीच्या आधीच्या त्या दोन-तीन सकाळी मी कुणाला देत नाही. शिमग्याला येणाऱ्या पाहुण्यांना हे आता माहीत झालंय. ते आपला चहा आपण करून घेतात.

पक्ष्यांकडे चालत जायचं नाही, एवढाच नियम मी नवख्यांना सांगते. स्कोपचा स्टँड बुटका करायचा, वाळूत फतकल मारायची आणि पाण्याला त्याचं काम करू द्यायचं. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. मग ओल्या चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, पक्षी दाटीवाटीने अलीकडे येतात आणि कधी तरी स्कोपमध्ये मावेनासे होतात. हलणाऱ्या माणसाला ते जेवढे घाबरतात त्याच्या पावपटही बसलेल्या माणसाला घाबरत नाहीत. इथून उत्तरेला, याच तालुक्यातल्या किहीमला, सालिम अली १९३० साली सुगरणींच्या घरट्यांसमोर असेच बसून राहिले होते. नर एक घरटं अर्धवट विणतो, मादीने ते पसंत केलं की पुरं करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी हात घालतो, हे त्या बसण्यातून कळलं. त्या काळी त्यांना नोकरी नव्हती. अशा कामाला ती नसलेलीच बरी, असं सोमवारी सकाळी मला हमखास वाटतं.

फाल्गुनातल्या या किनाऱ्याची खरी गंमत, आणि खरी अडचण, रंगांची आहे. पुस्तकात प्रत्येक चिखल्याची दोन चित्रं असतात. एक हिवाळी: वरून राखी-तपकिरी, खालून पांढरा, कुठल्याही गर्दीत हरवून जाईल असा. दुसरं विणीच्या काळातलं: छातीवर विटकरी पट्टा, डोळ्यांवर काळा मुखवटा. माघ संपता संपता आक्षीवर जो पक्षी समोर येतो तो या दोन्ही चित्रांत बसत नाही. छातीच्या एका बाजूला विटकरी डाग उमटलेला, दुसरी बाजू अजून कोरी. कपाळावर काळं आलंय, पण शाई पसरल्यासारखं. बाकदार चोचीच्या कर्ल्यू सँडपायपरच्या पांढऱ्या पोटावर एखाद-दुसरं तांबडं पीस. शेजारी त्याचाच भाऊबंद, अजून पुरता हिवाळी. नवखा माणूस पुस्तक उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो आणि मग निष्पाप पक्ष्यालाच दुर्मीळ ठरवून मोकळा होतो.

या दिवसांत रंगावर विसंबायचं नाही, असं माझं ठाम मत झालंय. रंग बदलतो आहे. चाल बदलत नाही. चिखल्या चार पावलं तुरुतुरु धावतो, खिळल्यासारखा थांबतो, बघतो, टिपतो, परत धावतो. त्याचा सगळा कारभार डोळ्यांवर आहे, म्हणून डोळे मोठे आणि चोच आखूड. तुतारीच्या कुळातले पक्षी मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात घालत-काढत पुढे जातात. त्यांना बघायची फारशी गरज नसते, चोचीच्या टोकालाच चिखलातली हालचाल कळते. शंभर पावलांवरून, उन्हाच्या झळांमधून, रंगाचा पत्ता नसतानाही एवढ्यावर कूळ ठरतं. मग चोचीची लांबी डोक्याच्या मानाने किती, पाय किती उंच, मांडी किती उघडी. लहान नि मोठा सँड प्लोव्हर या दोन चिखल्यांतला भेद तर चोच आणि पायांवरच उभा आहे. रंग शेवटी बघायचा, आणि बघितला तरी त्याचं फार ऐकायचं नाही.

रंग येण्याच्याही दोन वाटा आहेत. चिखल्यांना आणि तुतारींना खरोखर नवी पिसं फुटतात. अलिबागला डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो बारा तासांचा होतो. आपल्याला स्वेटर कपाटात टाकण्यापुरता कळणारा हा एक तास पक्ष्याच्या शरीरात संप्रेरकांची सगळी घडी बदलून टाकतो. दुसरी वाट झिजण्याची. घरच्या चिमणीच्या नराचा गळा हिवाळ्यात फिका दिसतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काळाभोर होतो, तो नवी पिसं न येताच. पिसांची फिकी टोकं झिजतात आणि मुळातला काळा उघडा पडतो. याच दिवसांत पांगाऱ्यावर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचा गुलाबीही असाच झिजून खुलतो. एकाच गावात, एकाच आठवड्यात, कुणी नवं घालून सजतंय आणि कुणी जुनं झिजवून.

पक्षी पोटाने मात्र आधीच निघालेले असतात. स्कोपमधून नीट बघितलं तर मार्चमधला चिखल्या जानेवारीतल्यापेक्षा गोल दिसतो, शेपटीखाली फुगीर. ती चरबी म्हणजे वाटखर्ची. आपल्या किनाऱ्यावरचे बरेचसे सँड प्लोव्हर तिबेट-लडाखच्या उंच पठारांवर घरटी करतात. कर्ल्यू सँडपायपरला थेट उत्तर सायबेरियाचा टुंड्रा गाठायचा असतो. या दिवसांतलं प्रत्येक किडूक त्या हिशेबात जमा होतं. म्हणून थव्यामागे धावणारा कॅमेरेवाला मला डिसेंबरात नुसता आवडत नाही, फाल्गुनात मात्र त्याचा राग येतो. थवा उडाला की फोटो छान येतो, हे खरं. त्या उडण्याचं बिल पक्षी भरतो. घोडागाड्या, वाळूतल्या चारचाकी मोटारी, मोकाट कुत्री हे सगळं आहेच आणि शनिवार-रविवारी ते थांबवणं माझ्या हातात नाही. पण ज्याच्या गळ्यात दुर्बीण आहे त्याने तरी बसावं.

(आक्षीला काही लोक शिलालेख बघायलाही येतात. शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. ते लोक आमच्याकडे चिखल बघणारे म्हणून बघतात. बघोत.)

नऊ-दहाला भरती पुरी झाली की किनाऱ्यावरचं काम संपतं. सुरय आणि कुरव वाळूच्या उरल्यासुरल्या पट्टीवर एका दिशेला तोंड करून उभे राहतात, चिखल्ये डोळे मिटतात. तेव्हा मी चौल-रेवदंड्यावरून, खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला जाते. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेला हा लांबट डोंगर. त्याच्या पाठीवर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी दीपगृह, आणि शेजारच्या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घराघरात बोलणारी माणसं. पोर्तुगीजांनी १५९४ साली ही जागा निजामशाहीकडून घेतली ती खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी. नजर ठेवायला जागा आजही उत्तम आहे.

भूशिरावर उभं राहिल्याचा एक मोठा फायदा असा की पक्षी खालून उडतात. एरवी जन्मभर आपण त्यांची पोटंच बघत असतो. इथे पाठ दिसते, पसरलेल्या पंखांची वरची बाजू दिसते. अकराच्या सुमाराला जमिनीवरचा मतलई वारा पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो डोंगराच्या पश्चिम अंगावर आपटून वर चढतो आणि ब्राह्मणी घारी पंख न हलवता त्याच्यावर चढून येतात, तटाच्या पातळीपर्यंत. कधी समुद्र गरुडही येतो, राखी पाठीचा, पाचरीसारख्या आखूड शेपटीचा. हिवाळाभर तटावर बसणारा निळा कस्तूर या दिवसांत असला तर असतो, नाही तर गेलेला असतो.

कुरवांसाठी मात्र मी खास वर चढते. आपल्याकडे नेहमी दिसणारे दोन कुरव, काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, हिवाळ्यात कानामागच्या एका डागापुरते उरलेले असतात. फाल्गुनात दोघांच्याही डोक्यावर टोपी येऊ लागते आणि ती दोघांचीही तपकिरीच. काळ्या डोक्याचा म्हणतात त्याचीसुद्धा! खालून, वाळूवरून, यावर वाद घालत बसावं. वरून एका दृष्टिक्षेपात उत्तर मिळतं. ज्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी लांब पाचर तो काळ्या डोक्याचा. ज्याच्या पंखाचं टोक रुंद काळं आणि त्यात पांढरे ठिपके तो तपकिरी डोक्याचा. दोघांची टोपी आली काय नि गेली काय, मोठ्या वयाच्या पक्ष्याच्या पंखांवरची ही नक्षी तशीच राहते. इथेही डोक्यावरच्या रंगाकडे जो बघत बसला तो फसला.

ऊन कलल्यावर खारेपाट. समुद्राचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात पिकवायचं, असा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. भात कापून झालेल्या खाचरांना आता भेगा पडलेल्या असतात, पाणी उरतं ते जिताड्यांच्या तळ्यांत आणि सखल कोंडीत. पाणी आटतं तशी मासळी, किडे एका जागी गोळा होतात आणि त्यांच्यामागे पक्षी. शेकाट्ये लाल पायांवर तोल सावरत उभे. पाणटिवळे पोटापर्यंत पाण्यात. भुवई बदकाचा नर, ज्याला नोव्हेंबरात मादीपासून वेगळा काढता येत नव्हता, तो आता पांढऱ्या भुवईनिशी दोनशे पावलांवरून ओळखू येतो. बांधाच्या लव्हाळ्यात शंकर, म्हणजे ब्लूथ्रोट, शेपटी उडवत निघतो. त्याच्या गळ्यावरची निळाई आठवड्या-आठवड्याने चढत असते.

खारेपाटात मला निर्भेळ आनंद होत नाही, हेही सांगायला हवं. सर्वांत जास्त पक्षी असतात ते बांधाला खांड गेलेल्या ठिकाणी. उधाणाचं पाणी आत शिरलं, शेत खारवलं, दोन-चार वर्षांत तिवरं उगवली की आमच्या दृष्टीने ती पाणथळ जागा सुंदर होते. सात-बाऱ्यावर मात्र ते कुणाचं तरी भाताचं शेत असतं. याच पट्ट्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप करून जमिनी पडीक ठेवल्या आणि उपास काढले, ते खोतांविरुद्ध, या मातीवरच्या हक्कासाठी. त्यांच्या नातवंडांसमोर फुटलेल्या बांधावर उभं राहून पाणटिवळ्यांची संख्या आनंदाने उच्चारणं मला जमत नाही. मी मोजते, वहीत लिहिते आणि कुणी विचारलं तर बांधाबद्दल बोलते.

मोजण्यावरून आठवलं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते आणि तेच योग्य आहे, कारण तेव्हा पक्षी एका जागी स्थिर असतात. पण त्यामुळे मार्च-एप्रिलचे आकडे कमीच नोंदले जातात, आणि मेचे तर नसल्यासारखेच. एप्रिल संपताना थवे गेलेले असतात, उन्हाने डोकं तापतं, दुर्बिणी कपाटात जातात आणि पक्ष्यांचा मोसम संपला असं आपण समजतो.

तो संपत नाही. मार्चच्या सुरुवातीला तांबूस होणाऱ्या थव्यात काही पक्षी अजिबात रंग बदलत नाहीत. उशीर झाला असेल म्हणून मी पूर्वी त्यांच्यावरून नजर पुढे नेत असे. ते बहुतेक गेल्या उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेले असतात. विणीचं वय झालेलं नाही, मग सात समुद्र ओलांडायचे कशाला? ते इथेच राहतात. मेमध्ये आक्षीवर मी त्यांना बघते, झिजलेल्या, उन्हाने विटलेल्या पिसांतले, दहा-वीसच्या टोळ्यांनी. अंगावर एकही खूण नसलेल्या त्या राखी पक्ष्यांना ओळखायला पुन्हा चाल, चोच आणि पायच लागतात. एक जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारायला घेतात. त्या होड्यांच्या सावलीत बसून बघायला द्वादशीच लागते असं नाही, पण मी अजून तिथी बघूनच निघते.