कारखान्यांच्या नावाचा पत्ता

आमच्या कुर्ल्यात पत्ता सांगायचा तर बंद पडलेल्या कारखान्यांची नावे घ्यावी लागतात. बसमध्ये 'कमानी'चे तिकीट मागायचे, रिक्षावाल्याला 'प्रीमियर रोड' सांगायचे, चुनाभट्टीच्या बाजूला जायचे असेल तर 'स्वदेशी मिल' म्हणायचे. शाळेतली मुले ही नावे रोज घेतात. ती कशाची नावे आहेत असे एकदा वर्गात विचारले, तर एकाने सांगितले, "सर, कमानी मतलब गेट की कमान होगी." आम्ही काही बोललो नाही. त्या पोराने तिथे कारखाना पाहिलेलाच नाही.

स्वदेशी मिल जमशेटजी टाटांची. १८८६ साली त्यांनी धरमसी मिल विकत घेऊन तिला हे नाव दिले. ती २००० साली बंद झाली. कमानी ट्यूब्स बंद पडली तेव्हा कामगारांनीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती आपल्या सहकारी संस्थेमार्फत चालवायला घेतली होती. देशभर त्या प्रयोगाची चर्चा झाली. कुर्ल्यात आता थांबा उरला आहे. आणि प्रीमियर ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली कंपनी. आधी फियाट, मग पद्मिनी. आमचे अब्बा तिथल्या पेंट शॉपमध्ये होते. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरातला फोटो त्यांनी बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. "रंग तर अजून चांगला आहे," एवढेच म्हणाले.

आम्ही नवरा-बायको दोघेही बी.एड., दोघेही उर्दू माध्यमाच्या अनुदानित शाळांत. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा ८००० रुपये मानधन, मग वैयक्तिक मान्यतेची वाट, मग शालार्थ आयडीची वाट. शिक्षक वाचकांना हे सांगायला नको. या काळात घर घ्यायचे नाव काढले असते तर बँकेचा शिपाईही हसला असता. अब्बांची पाइप रोडवरची खोली, तीत ते, अम्मी, भाऊ, भावजय, त्यांची दोन मुले. आम्ही भाड्याने बाहेर पडलो. अकरा महिन्यांचा करार, पुन्हा सामान, पुन्हा टेम्पो. सात वर्षांत चार घरे झाली.

पगार नियमित झाला तसे सगळे एकच सांगू लागले, मुंब्र्याला बघा. कुर्ल्यातल्या खोलीच्या पैशांत तिथे दोन खोल्या येतात. त्यात खोटे काही नव्हते. आमच्या शाळेतून दरवर्षी मुले जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात आम्हीच आमच्या हाताने 'स्थलांतर' असे लिहितो. १९९२-९३ नंतर लोक घाबरून मुंब्रा, मीरा रोडला गेले. आता भावामुळे जातात. रकान्यात दोन्हींसाठी शब्द एकच. आमचे नातेवाईक तिथे सुखात आहेत. पण आमच्या दोन्ही शाळा इथे, अम्मीचे डायलिसिस इथे, आणि खरे सांगायचे तर हट्टही होता. ज्या गावात बापाने सगळी हयात घालवली तिथे मुलाला एक दार मिळू नये?

कारखान्यांच्या जागांवर आता उंच इमारती आहेत. प्रीमियरच्या जागेवर गृहसंकुल आहे, कमानीजवळ २०११ साली मॉल झाला. नव्या इमारतींचे दर ऐकून आम्ही परत फिरलो. त्यांतल्याच एका जुन्या, सात मजली सोसायटीत, तीही एका छोट्या कारखान्याच्या जागेवरची, पुनर्विक्रीचा फ्लॅट आवाक्यात होता. मालक भला माणूस. चहा झाला, भाव ठरला. दोन दिवसांनी एजंटचा फोन आला, "सर, कमिटीचं जरा... तुम्ही समजून घ्या ना." आम्ही समजून घेतले नाही. कशाबद्दल, असे विचारले. तो म्हणाला, "नॉनव्हेजचा प्रश्न आहे." त्याच इमारतीखाली दर शुक्रवारी कोळीण पाटी घेऊन बसते, हे आम्ही पाहिले होते.

सोसायटीचे नाव लिहीत नाही. एकीचे नाव लिहिले तर बाकीच्या सुटल्या असे होईल. कायदा वाचला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. कलम २३ म्हणते, पुरेशा कारणावाचून पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, उपविधीत सभासदत्व एका समाजापुरते ठेवणे संस्थेला चालते, असा निकाल दिला. आमच्या बाबतीत तसा उपविधी नव्हता. नुसता फोन होता. भांडलो असतो तर कदाचित जिंकलोही असतो. पण ज्या जिन्यात रोज चढायचे, तिथे निकालाची प्रत हातात घेऊन किती दिवस चढणार? मालक बिचारा ओशाळला. त्यानेही दुसरे गिऱ्हाईक पाहिले.

अब्बांना हे सांगितले तर ते चिडले नाहीत, गोंधळले. त्यांच्या लाइनवर एका बाजूला सावंत, दुसऱ्या बाजूला डिसोझा. मास्क सगळ्यांचे सारखे, खोकलाही सारखा. कारखान्यावर गुलाबपाणी शिंपडायची आमची इच्छा नाही. तिथेही डबे आपापल्या टोळक्यात उघडत, आणि जानेवारी १९९३मध्ये अब्बा कित्येक दिवस कामावर जाऊ शकले नव्हते. पण परत गेले तेव्हा त्यांची जागा तिथेच होती. मशीनला माणूस लागत होता, त्याचे आडनाव लागत नव्हते. जमीन तीच, तिच्यावर आता मशीन नाही, म्हणून आडनाव लागते.

शेवटी घर मिळाले ते कमानीच्या मागच्या गल्लीत, १९८०च्या सुमारास बांधलेल्या चार मजली इमारतीत. कार्पेट ३४० चौरस फूट, किंमत ७२ लाख. कुर्ल्यात घर बघताना लोक दिशा विचारतात, पाणी किती वेळ येते विचारतात. आम्ही विचारले, २६ जुलैला पाणी कुठवर होते? २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या भागात घरांत शिरली. एजंट म्हणाला, इथे काही नव्हते. तळमजल्यावरच्या आजोबांनी जिन्याच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीवर बोट लावून दाखवले. आम्ही दुसरा मजला घेतला.

आता व्याजाचा प्रश्न. हा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलला जातो, म्हणून मोठ्याने लिहितो. दोन आलिमांना विचारले. एकाने स्पष्ट मनाई केली. दुसऱ्याने विचारले, राहायला छप्पर आहे का, भाडे किती, किती माणसे. मग म्हणाले की मजबुरीचा हिशेब अल्लाहकडे आहे, जेवढे कमी घ्याल तेवढे कमी घ्या. दोघांचाही आम्हाला आदर आहे. खालाजान मात्र दोन महिने बोलल्या नाहीत. त्या स्वतः वीस वर्षे 'हेवी डिपॉझिट'वर राहतात. म्हणजे मालकाला एकरकमी पैसे द्यायचे, भाडे द्यायचे नाही, आणि निघताना पैसे परत घ्यायचे. दिलेल्या पैशाच्या बदल्यात फुकट राहणे यालाही अनेक उलेमा व्याजच म्हणतात. त्यांना हे सांगण्याची हिंमत आमच्यात नाही. भविष्यनिर्वाह निधीतून काढले, पतपेढीचे घेतले, बेगमचे दागिने गेले, भावाने दिले, उरलेले बँकेचे. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, आणि त्या दिवशी मन आजही स्वस्थ नसते.

घर बेगमच्या नावावर झाले. महाराष्ट्रात २०२१पासून केवळ बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही ही अट होती, तीही २०२३ साली निघाली. ७२ हजार वाचले. नातेवाइकांत थोडी चर्चा झाली, "मर्द का नाम नहीं?" अम्मी म्हणाल्या, "मेहर समझ लो." विषय संपला.

या इमारतीत सोळा बिऱ्हाडे, त्यांत नऊ आपली. शेजारी कदम काका, तेही कारखान्यातले. पहिल्याच सभेत कुणीतरी म्हणाले, मास्तर आहेत, इतिवृत्त त्यांना लिहू द्या. उर्दू शाळेतला माणूस मराठी कसे लिहील, अशी एक शंका निघाली. पहिले पान वाचून दाखवल्यावर ती परत निघाली नाही.

सध्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला आहे. नकाशात दोन इमारती आहेत, जुन्या सभासदांची मागे, विक्रीची पुढे. मागच्यांना गल्लीतून वेगळे फाटक. बिल्डरचा माणूस म्हणाला, नव्या गिऱ्हाइकांना तसेच बरे वाटते. नवे गिऱ्हाईक कोण असेल, हे त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडे यांवर दोन तास बोलणे झाले. शेवटी कदम काका उठून म्हणाले, फाटक एकच पाहिजे. आम्ही अनुमोदन दिले. इतिवृत्तात ठराव क्रमांक ४ म्हणून ते लिहिले आहे. बिल्डरचे उत्तर अजून यायचे आहे.