फाटेली साडी, विरेला शालू

आमच्या पिढीच्या आया हिंदी शिकल्या त्या वाण्याच्या दुकानात, आणि वाणी मराठी शिकला तो आमच्या आयांकडून. शिकवणी दोन्हीकडून यथातथाच होती. गिरगावातली फणसवाडी असो की लालबाग-परळच्या चाळी, कोपऱ्यावरचं किराणा-भुसाराचं दुकान बहुधा कच्छी माणसाचं. घरात कच्छी, वहीत गुजराती, दाणाबंदरच्या ठोक बाजारात हिंदी, आणि गल्ल्यासमोर आम्ही. आमच्या आयाही कोकणातून नाहीतर घाटावरून लग्न होऊन आलेल्या. म्हणजे बाहेरगावचा तो एकटाच होता असं नाही.

“शेठ, तूरडाळ पावशेर देव. कल के जैसा किडका नको हां.”

“किडका नाय बेन, एकदम चोखा माल हाय. साकर पण देते?”

गंमत अशी की आईला वाटायचं, आपण शेठशी हिंदी बोलतोय. आणि शेठला वाटायचं, आपण बाईंशी मराठी बोलतोय. जगात इतरत्रही असं घडलेलं आहे. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर तिथले कोळी रशियन व्यापाऱ्यांना मासे देऊन पीठ घ्यायचे. त्यांच्यात शंभराहून अधिक वर्षं एक बाजारभाषा चालली, शब्द जेमतेम चारेकशे. तिथेही प्रत्येकाची समजूत हीच, की मी समोरच्याची भाषा बोलतोय. तिला ते ‘मोया पो त्वोया’ म्हणायचे, म्हणजे ‘मी तुझ्या भाषेत’. आमच्या बाजारभाषेला घरात कुणी नाव दिलं नाही. नावं मात्र पुष्कळ ठेवली.

व्यवहारात पहिला बळी गेला तो लिंगाचा. मराठीत लिंगं तीन, गुजरातीत तीन, हिंदीत दोन, आणि इराण्याच्या फारसीत एकही नाही. त्यामुळे इराण्याच्या हॉटेलात चाय आया, खारी आया आणि बिलही आया. आमच्या शेठची तऱ्हा वेगळीच होती. झुबकेदार मिशांचा हा गडी “मी देते, मी सांगते” असं बोलायचा. दिवसभर मराठी ऐकायचा ती बायकांच्या तोंडून, दुसरं काय होणार? पुरुषमंडळी उगवायची ती गिरणीच्या पगाराच्या सुमारास, खातं चुकतं करायला. आणि पैसे मोजून देताना कोण फारसं बोलतं!

शिष्ट हिंदीत ‘हम’ एवढंच आहे. मराठीत आम्ही वेगळे आणि आपण वेगळे. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ वेगळे. शेठला आणि आईला ‘हम’ पुरेना, म्हणून दोघंही ‘अपन’ बोलू लागली. “हिसाब अपन पगार के बाद करेगा,” असं आई म्हणाली की उधारी एकटी तिची राहायची नाही. ‘आप’ मात्र तिच्या तोंडी कधी बसला नाही. उत्तरेकडच्या दूधवाल्या भय्याला तिचं ‘तुम’ सुरुवातीला खटकत असणार. ती मात्र त्यात ‘तुम्ही’चा सगळा मान भरूनच बोलायची.

या भाषेचा खरा कस लागायचा दुपारी, बोहारीण गॅलरीत आली की. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची भांडी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. या बायका बहुधा गुजरातकडच्या वाघरी समाजातल्या. जुने कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं, पैशाचा संबंध नाही. म्हणून सगळी मदार जिभेवर.

“ये तो फाटेला है, बेन.”

“फाटेला किधर? जरासा विरेला है.”

“पदर देखो, पदर. टोप नाय मिलेगा. वाटी लेव.”

“वाटी? अगं, मेरे लग्न का शालू है!”

“लगन को कितना साल हुआ?”

यावर गॅलरीभर हशा. शेजारच्या काकू वकीलपत्र न घेताच मध्ये पडायच्या, शालू उन्हात धरून जर मोजायच्या. बोहारीण पाटी उचलून जिन्यापर्यंत जायची. ती परत येणार हे तिला ठाऊक, आईला ठाऊक आणि शाळेला दांडी मारून बसलेल्या आम्हालाही ठाऊक. शेवटी बाबांची एक पँट वर टाकून टोप ठरायचा, आणि मग झाकणावरून सगळं पुन्हा पहिल्यापासून. मराठीचं ‘फाटलेलं’ आणि गुजरातीचं ‘फाटेलुं’ यांच्या मधोमध उभं असलेलं ते ‘फाटेला’ आम्ही तिथे शिकलो. आज सिनेमातले टपोरी तसं बोलतात तेव्हा आम्हाला गुंड आठवत नाहीत, नऊवारीतल्या आया आठवतात.

सौदा झाला की दोघी उंबऱ्याशी बसून बोलायच्या. मुलाची कावीळ, नवऱ्याची दारू, गावाकडचा पाऊस, सगळं त्याच तोडक्यामोडक्या बोलीत. तिला पाणी मात्र कित्येक घरांतून वरून ओंजळीत ओतलं जायचं. ते वगळून या दुपारींच्या आठवणी काढण्यात अर्थ नाही.

आकड्यांपाशी ही भाषा थांबायची. बेरीज ज्याची त्याने आपापल्या भाषेत करायची. शेठ गुजरातीत पुटपुटायचा, आई मराठीत बोटं मोजायची, आणि उत्तर जुळलं नाही की दोघंही पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरच्या छोट्या वहीत शेठ लिहून द्यायचा तेही गुजरातीत. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं आईला लागायची नाहीत. पण गुजराती आकडे बरेचसे आपल्यासारखेच, त्यामुळे काय घेतलं ते न वाचताही किती झाले ते ती पक्कं वाचायची. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा तर गल्ल्यासमोर नुसती रणधुमाळी. रुपयाचे शंभर पैसे झाले, म्हणजे आण्याचे सव्वासहा, आणि तो पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस. आण्याआण्याचा जिन्नस तीनदा घेतला तर अठरा, एकदम घेतला तर एकोणीस. हे आमच्या आयांना लगेच कळलं. शेठला त्याच्या आदल्या दिवशीच कळलं असावं.

पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ‘पगार के बाद’ या शब्दांना पुढची तारीखच उरली नाही. कुणा शेठने वही मिटली, कुणी उघडी ठेवली. उघडी ठेवणाऱ्यांचे सगळे पैसे काही परत आले नाहीत.

या बोलीमुळे दोन्हीकडची मनं जुळली असं कुणी सांगू लागलं तर आम्हाला पटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या चाळींतली तरुण मंडळी मोर्च्यात गुजरातीची टर उडवायची. ती गुजराती ते शिकले होते कुठे? ज्या दुकानातून घरचं तेल-मीठ येई तिथेच. शेठ त्या दिवशी फळ्या लावून आत बसायचा. दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन जायची आणि कालचा विषय दोघंही काढत नसत. त्या चार शब्दांत तो विषय मावणाराही नव्हता. १९६६ साली शिवसेना निघाली, त्यानंतर हीच पाळी उडप्यांच्या हॉटेलांवर आली.

भाषाशास्त्रज्ञ महादेव आपटे यांनी १९७४ साली मुंबईतल्या या हिंदीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पिजिन, म्हणजे व्यवहारापुरती जुळवलेली मिश्र बोली, हा शब्द तिच्यासाठी वापरला. तू पिजिन बोलतेस, असं आईला सांगितलं असतं तर तिने आधी भाव विचारला असता.

आईला सुधारायचा विडा आम्ही मुलांनीच उचलला होता. राष्ट्रभाषेच्या प्रबोध-प्रवीण परीक्षा देऊन आम्ही शहाणे झालो होतो. “आई, दाल अच्छी है म्हणतात, अच्छा नाही.” “शेठला कळतं ना? मग तू गप.” आमच्यातला एक हुशार मुलगा मग स्वतःच दुकानात गेला आणि म्हणाला, “कृपया हमें आधा किलो शक्कर दीजिए, पैसे माताजी बाद में देंगी.” शेठने चष्मा वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, साखर जोखली, पुडी बांधली आणि रोख मागितली.