दोन राऊटर आणि रात्रीचे साडेनऊ

दोन अगदी वेगळ्या वस्तूंमधून एक निवडणं सोपं असतं. बैलजोडी घ्यायची की ट्रॅक्टर, यावर निदान भांडता तरी येतं. खरी पंचाईत होते ती जुळ्या भावांसारख्या दोन वस्तू समोर आल्या की. आज त्याच पंचाइतीबद्दल लिहितोय. नेटवर्किंगशी संबंध नसलेल्या मंडळींनी घाबरून पळू नये, बेताबेतानेच घेणार आहे :)

२०२३ च्या दिवाळीआधी बाबांच्या मित्राचा, म्हणजे डॉक्टरकाकांचा, फोन आला. तालुक्याच्या गावी त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. "अरे, तू एवढा इंजिनियर, आमचं ते नेटवर्क एकदा बघून टाक." (मराठी घरात इंजिनियर झालात की प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं तुमच्याच खात्यात. असो.) पण निकड खरीच होती. केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांची बिलं, सगळं तिथल्या एका सर्व्हरवर. आणि या सगळ्याचा भार एका घरगुती प्लास्टिकच्या राऊटरवर. तो दिवसातून एकदा तरी अडकायचा आणि खिडकीवर रांग लागायची. रांगेतले लोक वाड्यावस्त्यांवरून आलेले. रिपोर्टला उशीर झाला की शेवटची एसटी चुकणार, मुक्काम पडणार, दुसऱ्या दिवसाचा रोज बुडणार. त्यामुळे 'चालतंय की' म्हणून सोडून देण्यातला हा प्रकार नव्हता.

भिंतीवर सहा यू उंचीचा रॅक, पॅच पॅनेल, चोवीस पोर्टचा स्विच, यूपीएस, हे सगळं तासाभरात ठरलं. राऊटरने मात्र माझे दोन वीकांत खाल्ले.

शेवटी दोन उमेदवार उरले, दोन्ही मायक्रोटिकचे. ही लॅटव्हियातली कंपनी. आपल्याकडच्या लहान इंटरनेटवाल्यांमध्ये तिचे डबे भरपूर दिसतात. एक आरबी ४०११, २०१८ सालचा. दुसरा आरबी ५००९, २०२१ चा. माहितीपत्रक वाचलं तर डोकं गरगरतं. दोन्हींत चार कोअरचा १.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, दोन्हींत १ जीबी रॅम, दोन्हींना १० गिगाबिटचं एक फायबर पोर्ट. पंखा दोघांनाही नाही, म्हणजे धूळ ओढून घेणं नाही आणि रात्री वॉर्डात घरघर नाही.

फरक आहे तो झाकणाच्या आत. ४०११ मध्ये ३२ बिटचा प्रोसेसर आहे, अन्नपूर्णा लॅब्ज नावाच्या कंपनीचा. नाव ऐकून पुणेकराला खानावळ आठवेल, पण ही मूळची इस्रायली कंपनी, २०१५ मध्ये ॲमेझॉनने घेतलेली. ५००९ मध्ये मार्व्हेलचा ६४ बिटचा नवा प्रोसेसर.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा, आणि तो फक्त ब्लॉक डायग्राम उघडला की दिसतो. ४०११ ची दहा पोर्टं पाच-पाचच्या दोन गटांत विभागलेली आहेत. प्रत्येक गटाची स्विच चिप वेगळी, आणि प्रत्येक चिपपासून प्रोसेसरपर्यंत २.५ गिगाबिटचा रस्ता. म्हणजे तिसऱ्या पोर्टवरून आठव्या पोर्टवर काही पाठवायचं तर मध्ये प्रोसेसरला तसदी द्यावीच लागते. ५००९ मध्ये सगळी पोर्टं एकाच चिपवर आहेत आणि तिथून प्रोसेसरपर्यंत १० गिगाबिटचा हमरस्ता. मांडणी म्हणून दुसरा सरळसरळ उजवा. शिवाय त्यात एक पोर्ट २.५ गिगाबिटचं.

मग घ्यायचा ना ५००९? मीही तेच म्हणत होतो. पण एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो. इंटरनेटच्या दोन लाइनी, प्रत्येकी १०० एमबीपीएस. सोळा कॅमेरे, प्रत्येकी चार एमबीपीएस धरले तर चौसष्ट. एक एक्स-रे वीसेक एमबीचा, आणि तो स्विचमधूनच सर्व्हरवर जाणार, राऊटरला पत्ताही लागणार नाही. कितीही ताणलं तरी राऊटरमधून जाणारी रहदारी ३०० एमबीपीएसच्या वर जाईना. कंपनीच्या साइटवर चाचण्यांचे तक्ते असतात, तेही पाहिले. तिथे १५१८ बाइटच्या पॅकेटांचे आकडे डोळे दिपवतात. ते सोडून द्यायचे आणि ५१२ बाइटच्या रकान्यात, पंचवीस फिल्टर नियम लावलेली ओळ बघायची. ती खऱ्या आयुष्याच्या जास्त जवळची असते. तिथेही दोघे आमच्या गरजेच्या कितीतरी वर होते.

थोडक्यात काय, तर वेगाच्या परीक्षेत दोघेही पहिल्या वर्गात पास. मग निकाल कशावर लावायचा?

तो लागला गावात इंटरनेट पुरवणाऱ्या दादांच्या दुकानात. लाइनीची चौकशी करायला गेलो होतो, तर फळीवर ४०११ चे दोन खोके. दादा म्हणाले, "आमच्या सगळ्या मोठ्या गिऱ्हाइकांकडं हाच आहे. एक कायम शिल्लक ठेवतो. रात्री साडेनऊला फोन करा, दहाला बसवून देतो." ५००९ त्यांच्याकडे नव्हता. तो बंद पडला तर पुण्याहून मागवायचा, म्हणजे कुरियरचे दोन दिवस. त्या दोन दिवसांत खिडकीवरची रांग कोण आवरणार?

इथे एक तांत्रिक बारकावाही आहे. मायक्रोटिकची बॅकअप फाइल त्याच मॉडेलवर परत टाकण्यासाठी असते. दुसऱ्या मॉडेलवर सगळं न्यायचं तर मजकुराच्या रूपात काढून हाताने जुळवावं लागतं. ते काम लॅब टेक्निशियनला, जो तिथला अर्धवेळ सिस्टिम ॲडमिनही आहे, रात्री एकट्याने जमणार नाही. त्याच मॉडेलचा डबा असेल तर फाइल टाकायची, वायरी हलवायच्या, झालं. आणि रॅकच्या पट्ट्या ४०११ बरोबर खोक्यातच येतात. ५००९ साठी त्या वेगळ्या घ्याव्या लागतात (त्यात एका यू मध्ये चार डबे मावतात हे कौतुकाचं, पण आम्हाला चार कुठे हवे होते?).

तर ४०११ घेतला. किंमत काय मोजली हेही डॉक्टरकाकांना स्पष्ट सांगितलं. हा तीन वर्षांनी जुना आहे, ३२ बिटचा आहे, तेव्हा दुसऱ्याच्या आधी म्हातारा होणार. उद्या गिगाबिटच्या दोन लाइनी आल्या किंवा वेगवेगळ्या विभागांमध्ये जड रहदारी सुरू झाली, तर पुन्हा विचार करावा लागेल. पुण्यातल्या एखाद्या ऑफिससाठी, जिथे दुपारपर्यंत हवा तो डबा मिळतो, तिथे मी डोळे मिटून ५००९ सांगेन. काका म्हणाले, "मशिन जुनं चालेल रे, पेशंट थांबायला नको."

बसवल्यावर एका रविवारी रंगीत तालीम केली. चालू राऊटर मुद्दाम काढला, दादांचा शिल्लक डबा आणला आणि टेक्निशियनला म्हटलं, कर. मी हाताची घडी घालून बाजूला उभा. चौदा मिनिटांत खिडकीवरचा कंप्युटर पुन्हा सर्व्हरशी बोलायला लागला. त्याने स्वतःच्या अक्षरात पायऱ्या लिहून कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवलाय. कुठली वायर कुठल्या पोर्टला, फाइल कुठे, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, दादांचा फोन नंबर.